नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ असे दोन वाक्प्रचार आहेत. बारशाला मुलाचे नाव ठेवतात. शेजाऱ्याला नावे ठेवतात. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात निंदा आहे, आणि दोहोंमधले अंतर एका मात्रेचे आहे. परंतु ज्या समाजाचे नाव त्याच्या मायबापांनी ठेवले नाही, मालकाने ठेवले, त्याच्या वाट्याला हे एका मात्रेचे अंतरही येत नाही. त्याचे नाव ठेवणे म्हणजेच त्याला नावे ठेवणे असते.

अमेरिकेतील काळ्या माणसांचा इतिहास वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपुढे आज एक कोडे उभे राहते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे २८ ऑगस्ट १९६३ चे वॉशिंग्टनचे भाषण तो वाचतो. त्यात किंग आपल्या लोकांना वारंवार ‘निग्रो’ म्हणतात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली, त्या अर्पणपत्रिकेतही निग्रो हाच शब्द आहे. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी मराठी वाचकाला त्या साहित्याची ओळख करून दिली, त्या ग्रंथाच्या नावातही तो आहे. आणि आज हाच शब्द अमेरिकेत कोणी भर सभेत उच्चारला, तर सभा अस्वस्थ होते. मग विद्यार्थी विचारतो: फुले चुकले काय? किंग चुकले काय? की आजचे लोक उगाच नाजूक झाले आहेत?

कोडे आणखी अवघड आहे. ‘निग्रो’ हा स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतला शब्द आणि त्याचा अर्थ ‘काळा’. ‘ब्लॅक’ हा इंग्रजी शब्द, त्याचाही अर्थ ‘काळा’. शब्दकोशाच्या दृष्टीने दोहोंत काही फरक नाही. तरी एक शब्द मागे टाकला गेला आणि दुसरा अभिमानाने मिरवला गेला. म्हणजे शब्द अपमानकारक ठरतो तो त्याच्या कोशातल्या अर्थामुळे नव्हे, हे उघड आहे. मग कशामुळे? या लेखात त्याचाच शोध घ्यावयाचा आहे.

एक खुलासा आधीच करतो. आपली वर्तमानपत्रे आता ‘कृष्णवर्णीय’ लिहितात. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ मागणाऱ्या समाजाला ‘काळा’ हा शब्द तोंडावर म्हणण्याचा संकोच वाटतो, म्हणून त्याला संस्कृतची शाल पांघरली जाते. मी येथे ‘काळे’ असेच लिहिणार आहे. ज्यांनी तो शब्द मान वर करून स्वीकारला, त्यांच्या वतीने आपण लाजण्याचे कारण नाही.

मालावरची चिठ्ठी

१६१९ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला एक जहाज लागले. वसाहतीतल्या जॉन रॉल्फ या इंग्रजाने लिहून ठेवले आहे की, त्या जहाजातून वीस आणि वर काही निग्रो उतरवले गेले. माणसांची नावे त्याने लिहिली नाहीत. त्यांचे गाव, भाषा, कूळ यांपैकी काहीच लिहिले नाही. आकडा लिहिला आणि रंग लिहिला. धान्याच्या पोत्यावर जशी चिठ्ठी असते तशी ती नोंद आहे.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जी माणसे पुढे नेली गेली, ती स्वतःला ‘काळी’ म्हणवत नव्हती. ती इग्बो होती, योरुबा होती, अकान होती, मांडिंका होती. त्यांच्यात वैरे होती, सोयरिकी होत्या, देव वेगळे होते. जहाजाच्या तळघरात हे सारे पुसले गेले आणि त्या जागी एकच शब्द आला. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. गुलाम बाईचे मूल गुलाम, मग त्याचा बाप गोरा मालक का असेना. या कायद्यानंतर रंग आणि गुलामी यांची गाठ पिढ्यान्‌पिढ्यांसाठी बसली. ‘निग्रो’ म्हणजे काळा हा अर्थ कोशात राहिला. व्यवहारात निग्रो म्हणजे ज्याला विकता येते तो, असा अर्थ झाला. व्यक्तीचे नावही मालकच ठेवी आणि आडनाव लागले तर तेही मालकाचे. म्हणून तर तीनशे वर्षांनंतर माल्कम लिटल या तरुणाने ‘लिटल’ हे आडनाव टाकून त्या जागी ‘एक्स’ हे अक्षर घेतले. गणितात जे अज्ञात असते त्याला एक्स म्हणतात. हिरावल्या गेलेल्या नावाची ती खूण होती.

याच ‘निग्रो’चे एक बिघडलेले रूप इंग्रजीत रुळले: ‘निगर’. अर्थ सांगण्यापुरता तो शब्द येथे एकदा लिहिला. पुन्हा लिहिण्याची गरज नाही. होझिया ईस्टन या काळ्या धर्मोपदेशकाने १८३७ साली त्या शब्दाविषयी लिहिले ते आजही शिकण्यासारखे आहे. त्याचे म्हणणे असे की, केवळ एका वर्गाची दुसऱ्याहून ओळख पटविण्यासाठी वापरला असता, तर हा शब्द निरुपद्रवी ठरला असता. पण तो त्या हेतूने वापरला जात नाही. गोऱ्या घरांत खोडकर मुलांना त्याच शब्दाचा धाक घालतात, शाळेत अभ्यास न करणाऱ्याला त्याच नावाच्या बाकावर बसवतात. अशा रीतीने मूल अक्षरे शिकते त्याच वयात तुच्छताही शिकते. शब्द कसा नासतो याचे इतके नेमके वर्णन ईस्टनने १८३७ सालीच करून ठेवले. शब्द हे भांडे आहे. त्यात जे रोज ओतले जाते त्याचा वास त्याला लागतो.

आणि कधी कधी तर शब्दात काहीच वाईट नसते. दक्षिणेतल्या राज्यांत पन्नास वर्षांच्या काळ्या पुरुषाला ‘बॉय’ म्हणत. म्हातारा झाला की ‘अंकल’. ‘मिस्टर’ मात्र कधीच नाही. १९६३ साली अलाबामातल्या न्यायालयात मेरी हॅमिल्टन ही चळवळीतली काळी कार्यकर्ती साक्ष देत होती. सरकारी वकील तिला नुसते ‘मेरी’ म्हणू लागला. गोऱ्या साक्षीदार बाईंना तो ‘मिस’ किंवा ‘मिसेस’ म्हणत असे. मला ‘मिस हॅमिल्टन’ म्हणेपर्यंत उत्तर देणार नाही, असे तिने ठणकावले. न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल तिला कैद आणि दंड झाला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ साली तिची शिक्षा रद्द झाली. ‘मेरी’ हे तर तिचे स्वतःचे नाव! तरीही तो अपमान होता. खेड्यात आपल्या बापाला पाटलाच्या पोराने ‘अरे धोंड्या’ म्हटलेले ज्याने ऐकले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आफ्रिकन, कलर्ड, निग्रो

मालकाने दिलेले नाव गुलामांनी मुकाट्याने घेतले असे मात्र नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडच्या स्वतंत्र काळ्यांनी स्वतःला ‘आफ्रिकन’ म्हणवून घेतले. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी १७८७ साली फिलाडेल्फियात ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापिली. १८१६ साली उभ्या राहिलेल्या स्वतंत्र चर्चच्या नावातही ‘आफ्रिकन’ आहे.

त्याच १८१६ साली गोऱ्यांनी एक संस्था काढली. स्वतंत्र काळ्यांना अमेरिकेतून उचलून आफ्रिकेत नेऊन वसवायचे, हे तिचे ध्येय. लायबेरिया देशाचा उगम या योजनेत आहे. झाले! ‘आफ्रिकन’ या अभिमानाच्या नावाचा अर्थ रात्रीत फिरला. तुम्ही आफ्रिकन ना? मग जा आफ्रिकेत. अमेरिकेची भूमी ज्यांच्या घामाने पिकली, त्यांना परके ठरविण्याचे हत्यार म्हणून त्यांचेच नाव वापरले जाऊ लागले. तेव्हा पुष्कळ काळ्यांनी ‘आफ्रिकन’ टाकून ‘कलर्ड’ हे नाव जवळ केले. १८३५ च्या त्यांच्या परिषदेने तर संस्थांच्या नावांतून ‘आफ्रिकन’ काढावे आणि ‘कलर्ड’ही टाळावे, अशी शिफारस केली. आपण अमेरिकन आहोत, बाकी विशेषण कशाला, अशी ती भूमिका होती. पण ज्या देशात विशेषणावरून हक्क ठरतात, तेथे पीडिताने विशेषण टाकले तरी पीडक ते टाकत नाही.

‘कलर्ड’ पुढे दीर्घकाळ सभ्य शब्द म्हणून चालला. १९०९ साली स्थापन झालेल्या, हक्कांसाठी न्यायालयात झुंजलेल्या सर्वांत मोठ्या संघटनेच्या नावात ‘कलर्ड पीपल’ आहे आणि आजही ते बदललेले नाही. पण याच काळात दक्षिणेत नळांवर, बाकांवर, रेल्वेच्या डब्यांवर ‘कलर्ड’च्या पाट्या लागल्या. जो शब्द वेगळ्या पाणवठ्याची पाटी होतो, तो फार काळ सभ्य राहू शकत नाही.

म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी स्वाभिमानी मंडळी ‘निग्रो’कडे वळली. होय, त्याच जुन्या शब्दाकडे. पण आता तो उजळून घ्यायचा होता. इंग्रजीत विशेषनाम मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होते. गोरी वृत्तपत्रे आयरिश, जर्मन, ज्यू यांची आद्याक्षरे मोठी छापत आणि निग्रोचे मात्र लहान. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नसल्याने आपल्याला हे भांडण क्षुल्लक वाटेल. पण ‘रामा’ आणि ‘रामराव’ यांतला फरक आपल्याला चांगला कळतो. अनेक वर्षे झगडल्यावर ७ मार्च १९३० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मोठे अक्षर मान्य केले. एका अक्षराने पोट भरत नाही हे त्या लढणाऱ्यांनाही ठाऊक होते. परंतु ज्याला विशेषनाम आहे तो समाज आहे आणि ज्याला नाही ती नुसती जमाव किंवा वस्तू आहे, हे त्या अक्षराने ठरत होते. म्हणजे १९४६ वा १९६३ साली ‘निग्रो’ म्हणणारा माणूस एका जिंकलेल्या लढाईचा शब्द उच्चारत होता.

एका शाळकरी मुलाचे पत्र

त्या मोठ्या अक्षराच्या दोन वर्षे आधी, १९२८ साली, ‘क्रायसिस’ या मासिकात एक पत्र आले. संपादक होते डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस, काळ्यांच्या चळवळीतले अग्रगण्य विचारवंत. पत्रलेखक होता एक शाळकरी मुलगा. तुमच्यासारख्या मासिकाने आमच्या लोकांना ‘निग्रो’ का म्हणावे, असा त्याचा सवाल होता. हा गोऱ्यांनी आम्हांला हीन वाटावे म्हणून दिलेला शब्द आहे, असे त्याचे म्हणणे.

डु बॉईस यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. आशय असा: बाळ, नावे आणि वस्तू यांची गल्लत करू नकोस. नाव ही केवळ खूण आहे. लोक निग्रोंचा तिरस्कार करतात. उद्या तुला दुसऱ्या नावाने हाक मारू लागले, तर त्यांचा तिरस्कार त्या नवीन नावाला चिकटेल. ज्याची लाज वाटावी असे आपल्यात काही नाही. नाव बदलण्यापेक्षा नावामागची परिस्थिती बदल.

हे उत्तर भक्कम आहे. शब्द एकामागून एक नासत का जातात याचे मर्म त्यात आले आहे. जोवर तिरस्कार शिल्लक आहे तोवर तो प्रत्येक नव्या शब्दात झिरपणारच. आणि तरीही इतिहासाचा कौल त्या मुलाच्या बाजूने लागला. १९६० नंतरच्या पिढीने ‘निग्रो’ टाकलाच. असे का व्हावे?

माझ्या मते दोघेही खरे होते. शब्द बदलल्याने परिस्थिती बदलत नाही, हे डु बॉईस यांचे खरे. पण स्वतःला काय म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार नसणे हा त्या परिस्थितीचाच एक भाग आहे, हे त्या मुलाने ओळखले होते. ज्याच्या हातात जमीन नाही, कायदा नाही, बंदूक नाही, त्याच्या ताब्यात घेता येईल अशी पहिली वस्तू म्हणजे त्याचे नाव. लढाई तेथे संपत नाही, पण पुष्कळदा तेथून सुरू होते.

शिवीचा झेंडा

१९६६ च्या जूनमध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनवुड गावी स्टोकली कारमायकेल या तरुणाने ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंड येथे ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापिला. पाहता पाहता ‘निग्रो’ हा नेमस्तांचा आणि ‘ब्लॅक’ हा लढाऊ तरुणांचा शब्द झाला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. तोवर काळ्या वस्तीत एखाद्याला ‘ब्लॅक’ म्हणणे ही मारामारीला पुरेशी शिवी होती. त्वचा उजळ करण्याच्या मलमांचा आणि केस सरळ करण्याच्या औषधांचा तो काळ. इंग्रजी भाषाही गोऱ्यांच्या बाजूने साक्ष देत होती. ऑसी डेव्हिस या काळ्या नटाने १९६७ साली दाखवून दिले की पर्यायी शब्दांच्या कोशात काळेपणाला १२० प्रतिशब्द आहेत आणि त्यांतले ६० सरळ निंदाव्यंजक आहेत. आपण मराठीच्या वाट्याला फार दूर जायला नको. काळा बाजार, काळा पैसा, काळी करणी, तोंड काळे करणे हे शब्द आपल्याही जिभेवर आहेत.

मग त्या तरुणांनी हाच शब्द का उचलला? कारण तो सर्वांत जास्त बोचत होता. ज्या शब्दाने मालकाने चटका दिला तोच हाती धरून त्यांनी विचारले, काळा असण्यात वाईट काय आहे ते सांगा. ‘निग्रो’ हा शब्द गोऱ्यांनी मान्य केलेली सभ्यता होता. ‘ब्लॅक’ला त्यांच्या परवानगीची गरज नव्हती. एकाच अर्थाचे हे दोन शब्द परस्परांविरुद्ध उभे राहिले, कारण त्यांच्यामागे उभी असलेली माणसे आणि त्यांचा पवित्रा वेगळा होता. आपल्या कोड्याचे उत्तर येथे आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९८८ च्या डिसेंबरात जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन अमेरिकन’ या नावाचा आग्रह धरला. रंगाने देश सांगता येत नाही, नावाला भूमी आणि इतिहास हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या ‘आफ्रिकन’ने १८१६ नंतर धोका निर्माण केला होता तो परत आला, कारण आता कोणी जहाजात घालून धाडून देईल ही भीती उरली नव्हती. शिरगणतीच्या कागदावर हा सारा इतिहास उमटला आहे. १९७० साली ‘निग्रो किंवा ब्लॅक’, १९८० साली क्रम उलटून ‘ब्लॅक किंवा निग्रो’, २००० साली ‘ब्लॅक, आफ्रिकन अमेरिकन किंवा निग्रो’, आणि २०२० साली ‘निग्रो’ गळून गेला. २०१६ साली तो संघराज्याच्या कायद्यातूनही काढला गेला. मात्र २००० च्या शिरगणतीत ५६ हजारांहून अधिक लोकांनी रिकाम्या जागी स्वतःच्या हाताने ‘निग्रो’ असे लिहिले होते. ज्या वयोवृद्धांनी त्या मोठ्या अक्षरासाठीची लढाई पाहिली होती, त्यांना तो शब्द आपलाच वाटत होता. त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. आणि ‘ब्लॅक’चे आद्याक्षर मोठे छापण्यास ‘न्यूयॉर्क टाइम्स’ २०२० साली तयार झाले. एका अक्षराची लढाई नव्वद वर्षांनी पुन्हा लढावी लागली.

कुली आणि काफर

हा नियम एकट्या अमेरिकेचा नाही. ‘कुली’ हा शब्द घ्या. तामिळमध्ये ‘कूलि’ म्हणजे मजुरी. आपल्याकडे रेल्वे फलाटावरचा कुली हा कष्टाने खाणारा माणूस. पण करारबंद मजूर म्हणून जे भारतीय जहाजांत भरून समुद्रापार नेले गेले, त्यांच्यासाठी तो शब्द साऱ्या वंशाचा झाला. दक्षिण आफ्रिकेत भारतीय व्यापारी असो की वकील, तो कुलीच. मॉरिशसमध्ये १८३४ नंतर जवळजवळ पाच लाख मजूर ज्या धक्क्यावर उतरले त्याचे नाव ‘कुली घाट’. त्यांत कोकणातून गेलेले मराठी बोलणारेही होते आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. स्वतंत्र मॉरिशसने १९८७ साली त्या जागेचे नाव ‘आप्रवासी घाट’ केले. त्याच बेटाचा कवी खल तोराबुली याने मात्र नंतर उलट दिशेने जाऊन ‘कुली’ हाच शब्द उचलला आणि त्यावरून ‘कूलिट्यूड’ ही जाणीव मांडली. एकाच पीडित समाजाने शब्द पुसला आणि दुसरीकडे मिरवलाही. दोन्ही निर्णय त्याचे स्वतःचे होते.

‘काफर’ची कथा अधिक बोचरी आहे. अरबीत काफिर म्हणजे श्रद्धा न मानणारा. अरब व्यापाऱ्यांकडून तो पोर्तुगीज व डचांकडे गेला आणि दक्षिण आफ्रिकेत साऱ्या काळ्यांचे नाव झाला. नकाशांत आणि सरकारी दप्तरांत तो होता. वर्णभेदी राजवटीत तो थुंकीसारखा वापरला गेला. आज तेथे तो उच्चारणे हा खटल्याचा विषय होतो. २०१८ साली काळ्या पोलिसांवर हा शब्द वारंवार उधळणाऱ्या एका गोऱ्या बाईला न्यायालयाने तुरुंगात धाडले. गंमत अशी की अमेरिकेने टाकलेला ‘कलर्ड’ तेथील मिश्रवंशीय समाज आजही स्वतःसाठी वापरतो. म्हणून एका देशातला शब्द दुसऱ्या देशाच्या तराजूत तोलू नये.

दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत गांधीजींनीही ‘काफर’ शब्द वापरला आहे. भारतीयांना काफरांबरोबर एकाच पायरीवर बसविले जाते, ही त्यांची तक्रार होती. पुढे त्यांचे विचार बदलले; तरीही त्या लिखाणावरून घानाच्या विद्यापीठात रोष उसळला आणि २०१८ साली तेथला त्यांचा पुतळा हलवला गेला. त्या काळी तोच शब्द रूढ होता, असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा आहे. जोतीरावांचा ‘निग्रो’ही त्या काळी रूढच होता. परंतु जोतीरावांनी तो शब्द निग्रोंची गुलामी मोडणाऱ्यांचा गौरव करण्यासाठी आणि आपल्या शूद्रातिशूद्रांना त्यांच्या शेजारी उभे करण्यासाठी वापरला. दुसरीकडे शब्द वापरला गेला तो शेजारी उभे राहण्यास नकार देण्यासाठी. काळ माफी देत नाही आणि शिक्षाही देत नाही. वाक्य कोणाच्या बाजूने उभे आहे, हे पाहावे लागते.

आपल्या अंगणात

१९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी डु बॉईस यांना पत्र लिहिले. निग्रो प्रश्नाचा मी विद्यार्थी आहे, अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती सारखी आहे, असे सांगून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली. जुलैअखेर डु बॉईस यांचे आस्थेचे उत्तर आले. दोघांच्याही पत्रांत ‘निग्रो’ हा शब्द आदराने वावरतो.

मुंबईच्या कायदेमंडळात ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न १९३८ साली आला, तेव्हा मात्र बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. भाऊराव गायकवाडांचा सवाल साधा होता: आम्ही देवाची माणसे, तर बाकीचे कोणाचे? शब्द गोड होता, हेतूही कदाचित चांगला असेल. पण ज्यांचे नाव ठेवायचे त्यांना विचारले नव्हते. गोड शब्द अपमानकारक होऊ शकतो आणि कडू शब्द अभिमानाचा, हे आपण अमेरिकेकडून शिकलो नाही. आपल्या अनुभवातून शिकलो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ‘पँथर’ तिकडून घेतले, ‘दलित’ मात्र येथले होते. ज्याला दळले, भरडले तो दलित. त्या शब्दात भरडणाऱ्याकडे बोट दाखवलेले आहे. ‘हरिजन’मध्ये ते नाही. २०१८ साली केंद्र सरकारने माध्यमांना ‘दलित’ ऐवजी ‘अनुसूचित जाती’ लिहिण्याचा सल्ला दिला, तेव्हा अनेकांना जे खटकले ते हेच. सरकारी शब्दात यादी आहे, इतिहास नाही. धम्मदीक्षेनंतर आम्ही दलित कसे, आम्ही बौद्ध, असे म्हणणारे आपल्यातच आहेत. तो वादही जॅक्सन यांच्या वादाइतकाच जिवंत आणि आपला आहे. तो आपण करू. परिपत्रकाने तो मिटवू नये.

शिवी उलटवण्याची रीतही आपल्याला परकी नाही. काळा विनोदवीर-कार्यकर्ता डिक ग्रेगरी याने १९६४ साली आपल्या आत्मचरित्राला तोच हिणकस शब्द नाव म्हणून दिला. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘अक्करमाशी’ आणि लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ हे शब्द पुस्तकांच्या मुखपृष्ठावर आणले. त्यामुळे ते शब्द गावच्या चावडीवर कोणालाही वापरण्यास मोकळे झाले, असा अर्थ कोणी काढू नये. जखम ज्याची, तिच्यावरची पट्टी सोडण्याचा अधिकार त्याचा.

शिकवणाऱ्याने काय करावे

शिक्षकांसाठी दोन शब्द. जुना ग्रंथ शिकवताना त्यातला शब्द बदलू नये; तारीख सांगावी आणि त्या तारखेला तो कोणाच्या तोंडी, कोणाच्या बाजूने होता ते सांगावे. स्वतः बोलताना मात्र तो समाज आज स्वतःला जे म्हणतो तेच म्हणावे. त्यांच्यात मतभेद असतील तर तेही सांगावेत. ‘दर पिढीला नवा शब्द, आम्ही लक्षात तरी किती ठेवायचे?’ अशी कुरकुर ऐकू येते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने दिलेले नाव वागवावे लागले, त्यांच्यासाठी एक शब्द लक्षात ठेवणे हा फार मोठा कर नाही.

आणि कार्यकर्त्यांनी डु बॉईस यांचा इशारा विसरू नये. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे लागणे योग्यच आहे. पण पाटी बदलल्यावर गावाची वाट त्या वस्तीपर्यंत डांबरी झाली काय, नळाला पाणी आले काय, त्या वस्तीतल्या पोराचे प्रेत गावच्या स्मशानात जळते काय, हे पाहायला हवे. तसे झाले नाही तर दहा वर्षांनी ‘समतानगरचा आहे’ हेच वाक्य लोक नाक मुरडून म्हणतील, आणि ‘समता’ हा शब्दही नासेल. शब्द नासू द्यायचा नसेल, तर त्याच्याखालची जमीन बदलावी लागते. नाव आपण ठेवलेच आहे. आता त्याला कोणी नावे ठेवू शकणार नाही असे गाव घडवायचे आहे.